माळाचा दिवस

१

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजून गेले तरी कुरुळीवर ऊन उतरलं नव्हतं. पौषातली थंडी, त्यात वारा पडलेला. कंपन्यांचा धूर आणि नदीकडून आलेलं धुकं एकमेकांत मिसळून घरांच्या पत्र्यांवर बसून राहिलं होतं. हायवेवरचे कंटेनर दिवे लावूनच चालले होते. ज्योतीरामआबांनी अंगणात उभं राहून कानटोपी सारखी केली आणि आभाळाकडे बघितलं. शेकायला निघावं असा तो दिवस नव्हता. पण पौषातला दुसरा मंगळवार होता आणि त्या मंगळवारी त्यांच्या घराची माळ असायची.

माळ म्हणजे काय, तर सगळ्या घरानं सकाळीच बाहेर पडायचं. रानात तीन दगडांवर चूल मांडायची, तिथंच रांधायचं, तिथंच जेवायचं आणि ऊन कललं की परत यायचं. निघण्याआधी आतल्या खोलीत तांब्याभर पाणी ठेवायचं, त्यावर फुलपात्र पालथं घालायचं, शेजारी अर्धी भाकरी ठेवायची, आणि दार ओढून बाहेरून कडी लावायची. परत आल्यावर घरातल्या मोठ्या माणसानं त्या दारावर तीनदा थाप मारायची. विचारायचं, "आत कोण हाय का?" पाचदा देवाचं नाव घेऊन होईल इतका वेळ गप उभं राहायचं. मग दार उघडायचं. भाकरी गाईला घालायची आणि पाणी रस्त्यावर ओतायचं.

हे का करायचं, ते आबांनी कधी विचारलं नव्हतं. दिवाळीला पायाखाली कारीट का फोडायचं हे तरी कोण विचारतं? बापानं केलं, आज्यानं केलं, म्हणून करायचं.

सोळा एकरांतला आता दोन गुंठ्यांचा तुकडा उरला होता, एका कंपनीच्या भिंतीला चिकटून. भिंतीवर तारा, तारांपलीकडे प्रेसच्या मशीनचा धम् धम् आवाज. दरवर्षी वॉचमन नवा असायचा आणि दरवर्षी येऊन तेच विचारायचा.

"चाचा, इधर पार्टी है क्या?"

"व्हय," अंबुबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "या जेवायला. ताट घेऊन या फकस्त."

यंदा तिघंच होती. आबा, त्यांची बायको अंबुबाई आणि नात तेजस्विनी. मुलगा रणजीत आणि सून विजयश्री रावेतला फ्लॅटमध्ये राहायचे. दोघांच्या नोकऱ्या, त्यांना सुट्टी नव्हती. आणि ही शेवटची माळ होती. येत्या रविवारी आबा आणि अंबुबाईही रावेतला जाणार होते. घराच्या जागी गोडाऊन होणार होतं.

साडेचारला ते परत आले. आबांनी आतल्या खोलीच्या दारावर थाप मारली, विचारलं, गप उभे राहिले, दार उघडलं. मग तिथंच थबकले.

फुलपात्र तांब्यावर नव्हतं. खाली फरशीवर सरळ ठेवलं होतं आणि त्याच्या तळाला पाण्याचा थेंब होता. तांब्या आबांनी स्वतः गळ्यापर्यंत भरला होता. आता पाणी चार बोटं खाली होतं. भाकरीला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"अगं, फुलपात्र तू काढलंस का?"

"काढलं असंल," अंबुबाई बाहेरून म्हणाल्या. त्यांचे गुडघे बोलत होते. "मला सकाळचं काय आठवतंय? या आधी बसा."

२

तेजस्विनी पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं शिकत होती. तिच्या वर्गातल्या प्रत्येकानं आपापल्या घराण्यात पूर्वी कुठली साथ येऊन गेली ते शोधून लिहायचं होतं. हिला आयतंच सापडलं होतं. जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी काढायची गावात धामधूम चालली होती, त्यात भावकीतल्या कुणीतरी जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या नकला आणल्या होत्या. मोडीतला मजकूर एका जाणकाराकडून उतरवून घेऊन ती आली होती. चहा होईपर्यंत तिनं कागद सतरंजीवर पसरले.

"आबा, हे बघा. सतरा दिवसांत सहा माणसं गेली. एकाच घरातली. आपल्या."

आबांना नीट वाचता येत नव्हतं. शाळेत दुसरीपर्यंत गेले होते, ते गुरं वळायला म्हणून घरी आले ते आलेच. पण नातीचं बोट जिथं फिरत होतं तिथं ते बघत राहिले.

"प्रत्येकापुढं कारण लिहिलंय. गाठीचा ताप. गाठीचा ताप. परत गाठीचा ताप. प्लेग होता हो तो. सव्वाशे वर्षं होत आली त्याला. आधी उंदीर पडायचे. घरात आढ्यावरनं उंदीर मरून पडला की लोक घर सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून महिनोन् महिने राहायचे. आपली माळ म्हणजे तेच, आबा! म्हणजे बघा ना, लोक आजार विसरले, पण घर सोडून जायचा दिवस नाही विसरले."

"उंदीर पडला म्हणून घर सोडायचं?" अंबुबाई कप ठेवत म्हणाल्या. "मग मी लगीन होऊन आल्यापासनं या घरात पाय ठेवला नसता."

तेजस्विनी हसली. मग तिनं दुसरा कागद काढला. घराण्याचा भाट पूर्वी वंशावळ सांगायला यायचा, त्याच्या वहीतलं ते पान होतं.

"माळावर गेले तेव्हा घरात तीनच माणसं उरली असणार. तुमच्या आज्याची आई, तुमचा आजा सोनबा, तो दहा-अकरा वर्षांचा, आणि त्याची धाकटी बहीण. कस्तुरा. सहा वर्षांची. तिच्या जन्माची नोंद आहे. मेल्याची नोंद कुठंच नाही. लग्न झाल्याचं नाही, कुठं दिल्याचं नाही. आजा पुढं जगला, त्याची आई जगली. मग ही कुठं गेली?"

 आबांना आजा आठवला. आबा नऊ-दहा वर्षांचे असतील तेव्हाचा. माळाच्या दिवशी परत आल्यावर म्हातारा दारावर थाप मारायचा आणि मग दाराला कान लावून उभा राहायचा. पाचदा नाव घेऊन झालं तरी उभाच. शेवटी बाप म्हणायचा, "बास की आता." मग म्हातारा दार उघडायचा, तांब्यातलं पाणी भरलेलं बघायचा आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचा. एकदा ज्योतीरामाला जवळ घेऊन म्हणाला होता, "पोरा, कंदी जर आतनं उत्तर आलं, तर दार उघडायचं न्हाई बरं का. आमच्या आयनं सांगितलंय."

"आबा? काय झालं?"

"काय न्हाई. च्या निवतोय तुजा."

३

दुसऱ्या दिवसापासून आवराआवर सुरू झाली. चाळीस वर्षांचं घर हलवायचं म्हणजे चाळीस वर्षं परत एकदा हाताखालून घालायची. आबा एक डबा उचलायचे, उघडून बघायचे आणि झाकण लावून बसून राहायचे. अंग मोडून आलं होतं. पूर्वी पोत्यांच्या थप्प्या लावल्या त्या हातांना आता बरणीचं झाकण उघडेना.

घर काही फार जुनं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली विटांत बांधलेल्या तीन खोल्या, वर पत्रा. पण आतल्या खोलीची मागची भिंत त्याआधीच्या घराची होती, दगडमातीची, रुंद. गवंडी म्हणाला होता, पक्की हाय, राहू द्या. आणि दार जुनं होतं. सागाचं, बुटकं. मोठ्या माणसाला वाकून जावं लागायचं. खिडकी नव्हती. पत्र्याला एक फट होती, तेवढाच काय तो उजेड. आत धान्याच्या कोठ्या, गोधड्यांची वळकटी, एक मोडका पाळणा.

आबांनी बुधवारी तांब्या परत भरून ठेवला. का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपारी बघितला तर पाणी दोन बोटं उतरलेलं. तांब्याला चीर असेल. उन्हाळ्यात पाणी आटतं, तसं थंडीत कोरड्या हवेनंही आटत असेल. पाल पीत असेल. पण पाल फुलपात्र उचलून बाजूला कशी ठेवेल?

गुरुवारी त्यांनी लोणच्याची काचेची बरणी घेतली. पाणी भरलं, आणि चंचीतला चुना बोटावर घेऊन पाण्याच्या पातळीला बाहेरून रेघ ओढली. झाकण लावलं, कडी लावली. आता कळेल म्हणाले.

शेजारच्या कंपनीची प्रेस दिवसभर चालायची. त्या धम् धम् आवाजाची घराला इतकी सवय झाली होती की तो ऐकूच यायचा नाही. साडेबारा ते एक मात्र जेवणाची सुट्टी व्हायची आणि मशीन थांबायचं. मग एकदम कान मोकळे व्हायचे. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं, कुणाच्या तरी खोलीतला कुकर ऐकू यायचा.

त्या अर्ध्या तासात आबांना ऐकू आलं. आतल्या खोलीत कुणीतरी पाणी पीत होतं.

घाईघाईनं, श्वास न घेता, घशाचा आवाज करत. फार ताप आलेलं लेकरू पितं तसं. मग काच फरशीला टेकल्याचा आवाज. मग काहीच नाही.

आबा उठले नाहीत. आधी त्यांनी अंबुबाईंकडे बघितलं. त्या बाजेवर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, न जाणो आपलाच आवाज असेल. घसा कोरडा होता आणि हलत नव्हता. एक वाजता प्रेस सुरू झाली आणि सगळं त्याखाली गेलं.

संध्याकाळी त्यांनी दार उघडलं. बरणीचं झाकण शेजारी काढून ठेवलं होतं. पाणी चुन्याच्या रेघेखाली गेलं होतं. चांगलं वीतभर.

काचेला काही चीर नव्हती. त्यांनी ती उजेडात धरून दोनदा बघितली.

४

शुक्रवारी रणजीतचा फोन आला.

"आबा, रविवारी दहाला टेम्पो येतोय. नानासाहेबांना सांगितलंय, आपल्या ओळखीचेच आहेत. आणि सोमवारी जेसीबी. भंगारवाला येईल तो पत्रे घेऊन जाईल."

"रणजीत, आतली खोली तेवढी ऱ्हाऊ दे."

"काय?"

"आतली खोली. बाकीचं पाड."

 रणजीत हसला. "आबा, गोडाऊनच्या मधोमध खोली ठेवू? माल कुठनं न्यायचा, खोलीला प्रदक्षिणा घालून?"

 आबा सांगणार काय? बरणीतलं पाणी कमी होतंय म्हणून?

फोन ठेवल्यावर अंबुबाई म्हणाल्या, "कशापायी लागलाय त्या खोलीच्या मागं? दिसभर पाणी भरताय, मला काय दिसत न्हाई व्हय?"

"बस जरा."

त्या बसल्या. आबांनी मान खाली घातली.

"आपण रविवारी कुलूप लावून जाणार. सोमवारी घर पडणार. आणि आत कोण असलं तर?"

"कोण असणार?"

"तेजूनं सांगितली न्हाई का? आज्याची बहीण. सहा वर्साची व्हती गं. तिला गाठ आली असणार. आन् हे दोघं दार लावून माळावर गेले असणार. तांब्याभर पाणी ठिवून." आबांना दम लागला. "म्हून तर आजा कान लावून उभा ऱ्हायचा. आपण नुसतं इचारतोय वर्सानुवर्स, कोण हाय का, कोण हाय का. हाय म्हनली तर उघडायचं न्हाई. ह्ये कसलं इचारणं?"

अंबुबाईंनी पदरानं गुडघे झाकून घेतले. थट्टा करायचा चेहरा त्यांनी केला नाही.

"असलं समजा. तरी आपण काय करणार? म्हातारी मानसं आपण. तुमच्या आज्याच्या आयला जमलं न्हाई, तिची तर पोटची व्हती."

"एकदा सोडून गेले तिला. परत आपण सोडून जायाचं?"

"मला लिफ्टचं घर पायजे," अंबुबाई हळूच म्हणाल्या. "मला हितं उठता-बसता येईना. मी तर जाणार."

त्या रात्री आबा नीट झोपले नाहीत, पण कुठं काही वाजलंही नाही. फक्त शिफ्ट सुटल्यावर घरी जाणाऱ्या पोरांच्या गाड्या गेल्या.

५

रविवारी नानासाहेबांनी टेम्पो दारात लावला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. तोंड सतत चालू.

"आबा, ही बाज न्यायची? फ्लॅटमधी? सूनबाई मला जिना चढू देणार न्हाईत."

"ने रं. ती काय तुझ्या डोक्यावर ठेवायची न्हाई."

बारा वाजता सामान भरून झालं. कोठ्या भंगारात द्यायच्या होत्या, पाळणाही. आतल्या खोलीतून फक्त गोधड्यांची वळकटी घ्यायची राहिली होती. अंबुबाई पुढं जाऊन बसल्या. नानासाहेब टायरवर लाथा मारून बघत होते.

"मी घेऊन येतो," आबा म्हणाले.

ते आत गेले. मोकळ्या खोल्यांतून त्यांच्या चपलांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. आतल्या दाराची कडी लागलेली होती. सकाळी त्यांनीच लावली होती.

साडेबारा झाले आणि प्रेस थांबली.

आबांनी दारावर तीनदा थाप मारली.

"आत कोण हाय का?"

पाचदा देवाचं नाव घेता येईल इतका वेळ ते उभे राहिले. तिसऱ्या नावालाच थांबले. त्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं. चौकटीला हात टेकून, आजा कान लावायचा तिथंच कान लावून, ते हळू म्हणाले, "कस्तुरा. हायेस का बाळा?"

आतून थाप आली. एक, दोन, तीन. दाराच्या खालच्या अंगाला, आबांच्या गुडघ्याच्या थोडं वर.

आज्याचा शब्द त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला. सगळा आठवला, आज्याच्या आवाजासकट. तरी त्यांनी कडी काढली आणि दार आत ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. पत्र्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी वळकटीवर पडली होती. बरणी कोरडी होती. आबा वाकून आत गेले, वळकटी उचलली आणि वळले. वळताना त्यांची नजर उघड्या दाराच्या बिजागरीकडे गेली, दार आणि चौकट यांच्यामधल्या उभ्या फटीकडे. दारामागं कुणीतरी भिंतीला चिकटून उभं होतं.

फटीतून दिसावं तेवढंच दिसलं. एक लहान कान, त्यात तांब्याच्या तारेची बाळी. कानावर घामानं चिकटलेले केस. आणि कानाखाली मानेवर ताणून चकाकणारी गाठ, कोंबडीच्या अंड्याएवढी. ती गाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती.

आबांनी डोळे मिटून घेतले. दार ओढून बघायची त्यांची छाती झाली नाही, पण पाय पळतही नव्हते. वळकटी छातीशी धरून ते म्हणाले, "चल बाळा. या खेपेला माघं ऱ्हाऊ नगंस. आमच्या संगं चल."

मग मागं न बघता ते चालत बाहेर आले. घराला कुलूप लावलं नाही. वळकटी त्यांनी टेम्पोत मागं ठेवली, सगळ्यात वर. नानासाहेब बघून म्हणाले, "आबा, एवढ्या जड गोधड्या? काय सोनं भरलंय का काय?"

६

रावेतचं घर सातव्या मजल्यावर होतं. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये शिरल्यावर आबा दाराशी हात धरून उभेच राहिले. दार मिटायला यायचं, त्यांच्या हाताला लागून परत उघडायचं.

"आता कुणासाठी धरून ठेवलंय?" अंबुबाई म्हणाल्या.

आबांनी हात काढला.

घर चांगलं होतं. उजेड, वारा, नळाला पाणी. समोरच्या दारात वर्षाली राहायची, अकोल्याकडची, नवरा आयटीत. पहिल्याच संध्याकाळी ती चहा घेऊन आली. "काका, काही लागलं तर बेल वाजवायची हां, लाजायचं नाही." तिची मुलगी उत्कर्षा दुसरीत होती, पुढचे दोन दात पडलेले. तिनं अंबुबाईंच्या हातावरचं गोंदण चाटून निघतं का ते बघितलं आणि दोघींची गट्टी झाली.

आबांनी गॅलरीत तांब्या भरून ठेवला. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले. पाणी होतं तितकंच. फुलपात्र होतं तिथंच. कुठला आवाज नाही. कुरुळीत जेसीबी फिरला, घर पडलं, रणजीतनं मोबाइलवर दाखवलं. त्यातही काही दिसलं नाही. आबांना वाटलं, म्हातारपण. आवरताना जीव कातावला होता, त्यात नातीनं नाव सांगितलं, झालं. दारामागं कोळ्याचं जाळं असेल. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पाचव्या दिवशी तेजस्विनीचं लिहून झालं. जेवणं झाली. मग ती आबांच्या बाजूला येऊन बसली.

"आबा, मी भावकीतली बाकीची घरंही लावून बघितली. आणखी चार घरं माळावर गेली होती. त्यांनी आजारी माणसं बरोबर नेली, त्यांच्या नोंदींत मेल्याची जागा माळ लिहिलीय. अंथरुणासकट. त्या अंथरुणातल्या पिसवा सगळ्यांना चावल्या असणार, झोपड्यांत तर माणसाला माणूस लागून. चारही घरांत कुणी उरलं नाही. पुढं नावंच नाहीत. आपलं एकट्याचं घर राहिलं." ती बोटानं सतरंजीचा दोरा ओढत होती. "कस्तुराला मागं ठेवलं म्हणून मला आधी त्या बाईचा राग आला होता. तुमच्या आज्याच्या आईचा. आता समजत नाही काय वाटायला पाहिजे. तिनं ते दार लावलं म्हणून मी आहे."



"तिला नेलीच असती तर?" आबांनी विचारलं.

"तर आपण कुणीच नसतो, आबा."

त्या रात्री आबांनी अंबुबाईंच्या अंगावरची कुरुळीची गोधडी काढून घेतली. वळकटीतल्या सगळ्या गोधड्या गोळा केल्या, खाली नेल्या आणि कचऱ्याच्या डब्याशी ठेवल्या. अंबुबाई चिडल्या. "माझ्या आयनं शिवल्याली व्हती ती!" आबांनी नवी पांघरुणं आणायला सांगितली. कारण सांगितलं नाही. काय सांगणार?

७

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर दोघं म्हातारी उन्हाला म्हणून खाली बागेत गेली. या घराचं दार नुसतं ओढलं की लागायचं. आबांनी ओढलं, ढकलून बघितलं, लागलं होतं.

खाली वॉचमन जुन्या पेपरात काहीतरी उचलत होता. आबांनी बघितलं. उंदीर होता. मोठा, पोट फुगलेला, तोंडाशी रक्ताचा ठिपका.

"कुठं सापडला?"

"लिफ्टके पास, दादाजी. कल भी दो मिले थे. ऊपर सातवे माले पे. नया बिल्डिंग है, पता नहीं किधर से आते हैं."

आबा मागं वळले. अंबुबाई बाकावर बसून राहिल्या, "आता कुठं निघाला?" असं त्यांनी विचारलं ते आबांना ऐकूही गेलं नाही. लिफ्ट यायला उशीर होत होता. आली. सात मजले चढायला आज फार वेळ लागला. आबा मनात मोजत नव्हते, प्रार्थनाही करत नव्हते. त्यांना फक्त थकवा जाणवत होता, हाडांतला, सव्वाशे वर्षांचा म्हणावा तसा.

दार उघडून ते गॅलरीत गेले. फुलपात्र फरशीवर सरळ ठेवलेलं होतं. तांब्या पूर्ण रिकामा होता.

त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या. दारांच्या मागंही बघितलं, एकेक दार ओढून; यावेळी बघितलं. कुणी नव्हतं. "कस्तुरा," त्यांनी हाक मारली. "बाळा, हितं ये माझ्यापाशी. दुसरीकडं कुठं जाऊ नगं." घरात कुठंच काही हललं नाही.

ते बाहेर आले. समोरच्या दाराच्या उंबऱ्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब पडलेले होते. आबांनी बेल वाजवली. आतून वर्षालीची पावलं आली, दार थोडंसंच उघडलं, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हां, काका. तुमच्याकडची पाहुणी मुलगी आमच्या दाराशी बसली होती, पाणी मागत होती. अंग नुसतं भाजतंय हो तिचं. तुमचं दार बंद दिसलं, मग मीच घरात घेतलं. उत्कर्षालाही सकाळपासून कणकण आहे, शाळेत पाठवली नाही मी तिला. दोघींना एकाच पांघरुणात निजवलंय, आत्ता कुठं डोळा लागलाय."